बडतर्फीचं पत्र टेबलावर येतं तेव्हा

कामगार पहिल्यांदा वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एकच कागद असतो: बडतर्फीचं पत्र, चार घड्या घातलेलं. आणि त्याला गोष्ट सांगायची असते. सुपरवायझर कसा बोलला, मॅनेजरचा माणूस कोण, कुणाचं नाव वगळलं. ती गोष्ट पूर्ण ऐकून घ्यावी, कारण पुढे उलटतपासाचे प्रश्न तिच्यातूनच निघतात. पण ऐकताना डोळा पत्रावरच्या तारखेवर ठेवावा. वहीत पहिल्याच पानावर तीन तारखा लिहायच्या: पत्रावरची, पत्र हातात पडल्याची आणि पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची. पाकीट बहुतेक वेळा फेकून दिलेलं असतं. घरी सापडलं तर घेऊन ये म्हणून सांगायचं, कारण कंपनीनं मागची तारीख टाकून पत्र काढलं असेल तर तो शिक्का हाच एकमेव पुरावा असतो.

तारखेची एवढी घाई कशासाठी, ते आधी सांगतो. महाराष्ट्रात बडतर्फीविरुद्ध लढायचे दोन रस्ते रूढ आहेत. एक, १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली थेट कामगार न्यायालयात तक्रार. कोर्टाच्या आवारात हिला सगळे ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस, म्हणजे अनुचित कामगार प्रथा) म्हणतात. कलम २८ प्रमाणे तिची मुदत ९० दिवसांची. दुसरा रस्ता औद्योगिक विवाद कायदा, १९४७ चा होता. आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगार वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा आणि ४५ दिवसांत काही झालं नाही तर कलम २अ खाली थेट कोर्टात जायचं. त्याला बडतर्फीपासून तीन वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि तिच्यात दोन वर्षांपेक्षा जुना वाद समेट अधिकाऱ्याला हाती घेता येत नाही. संहितेनं जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले त्यांत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही. म्हणून वहीत कायम सगळ्यांत छोटी मुदत, म्हणजे ९० दिवस धरून काम करावं. ती उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज तक्रारीसोबतच लावायचा, नंतर नाही. त्यात ‘आजारी होतो’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, डॉक्टरचा कागद कोणता, बरं झाल्यावर किती दिवसांनी वकिलाकडे आलो, हे दिवसवार लागतं.

दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत. १९७१ च्या कायद्याचं कलम ५९ तिथे आडवं येतं: एकीकडे कार्यवाही सुरू केली की त्याच विषयावर दुसरीकडची दाखल होत नाही. संघटनेच्या एखाद्या उत्साही पदाधिकाऱ्यानं आधीच समेट अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन ठेवलेला असतो आणि कामगार ते सांगायला विसरतो. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारायचं, ‘आतापर्यंत कुठेकुठे सही केलीस?’

रस्ता निवडायचा कसा? यूएलपीत परिशिष्ट ४ मधलं कलम १ लागतं. त्यात सूडबुद्धीनं, वरवर कायदेशीर दिसणारा अधिकार वापरून, खोट्या कारणावरून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून केलेली बडतर्फी आणि क्षुल्लक चुकीला दिलेली भयंकर शिक्षा असे प्रकार आहेत. यातलं नेमकं कोणतं उपकलम लागू होतं आणि कोणत्या घटनेमुळे, हे तक्रारीत लिहावं लागतं. नवे वकील सगळीच उपकलमं एका ओळीत लिहून टाकतात. मग युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीश ‘सूडबुद्धी कोणत्या परिच्छेदात आहे, दाखवा’ म्हणतात आणि परिच्छेद नसतो. यूएलपीचा फायदा अंतरिम आदेशाचा. बडतर्फी झाल्यावर अंतरिम आदेशानं कामावर परत घेणं क्वचितच मिळतं. पण बडतर्फी व्हायच्या आधी आलं तर चित्र वेगळं असतं. आरोपपत्र दिल्यापासूनच तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली हिंदुस्तान लिव्हरच्या खटल्यात मान्य केलं आहे. म्हणून संघटनांना आमचं एकच सांगणं असतं: माणूस बडतर्फ झाल्यावर नव्हे, आरोपपत्र मिळालं त्याच आठवड्यात पाठवा.

कंत्राटी कामगाराचं प्रकरण असेल तर यूएलपीच्या वाटेला जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मालक कोण हाच वाद असेल तर ही तक्रार चालत नाही, असा २००१ चा सिप्ला निकाल आहे. कंपनी लेखी म्हणण्यात पहिल्याच ओळीत लिहिते, ‘हा आमचा कामगारच नाही.’ मग मूळ मुद्दा बाजूलाच राहतो आणि दोन-तीन वर्षांनी तक्रार त्याच एका कारणावर निकाली निघते. अशा माणसाला औद्योगिक विवादाचा रस्ताच बरा, तिथे नातं सिद्ध करायला जागा असते.

आता कागद. कामगार म्हणतो, ‘साहेब, माझ्याकडे काहीच नाही.’ हे कधीच खरं नसतं. पगारस्लिप नसली तर बँकेचं पासबुक असतं, आणि त्यात पगार कुणाच्या नावानं जमा झाला ते छापलेलं असतं. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन पासबुकात मालकाचं नाव महिन्यागणिक दिसतं. ईएसआयसीचं कार्ड, गेटपास, लॉकरची किल्ली दिल्याची पावती, सेफ्टी शूज दिल्याच्या रजिस्टरवरचा फोटो, कॅन्टीनचं कूपन, कारखान्यात अपघात झाला असेल तर दवाखान्याचे कागद, शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे मेसेज, यातलं काही ना काही हातात असतंच. मेसेजचे प्रिंट काढून लावले की पुरावा झाला असं मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र सोबत लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूचा, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याचा, रकाना असतो, आणि तो फोन जपून ठेवावा लागतो. बडतर्फीनंतर पैशाच्या तंगीत पहिला विकला जातो तो फोनच, म्हणून हे पहिल्या दिवशी बजावायचं. मूळ कागद ऑफिसात ठेवून घेऊ नयेत. स्कॅन करून परत द्यावेत आणि दिल्याची नोंद करावी.

सुपरवायझर, ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह अशी हुद्द्याची पाटी असलेला माणूस आला तर आधी तो ‘कामगार’ व्याख्येत बसतो का ते तपासायचं. हुद्द्याला महत्त्व नाही, कामाला आहे. जुन्या कायद्यात पर्यवेक्षकाची पगारमर्यादा १०,००० रुपये होती, संहितेत १८,००० आहे. पण ती मर्यादा खऱ्याखुऱ्या पर्यवेक्षकालाच. त्याला पाच प्रश्न विचारायचे: कुणाची रजा तू मंजूर करायचास का? कुणाला आरोपपत्र दिलंस का? कुणाच्या वार्षिक मूल्यमापनावर तुझी सही आहे का? नवा माणूस घ्यायचा अधिकार होता का? स्वतः मशीन चालवायचास का? पहिल्या चारांना ‘नाही’ आणि शेवटच्याला ‘हो’ असेल, तर व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर लिहिलं असलं तरी बिनधास्त लढावं.

समेटाच्या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मागणीपत्र कंपनीला रजिस्टर्ड पोस्टानं, त्याची प्रत समेट अधिकाऱ्याला. मागणी एकाच वाक्यात: सेवेत सातत्य ठेवून, मागील पूर्ण पगारासह, मूळ जागी पुन्हा कामावर घ्यावं. तिथे वकिलाला उभं राहता येत नाही, म्हणून संघटनेचा पदाधिकारी किंवा कामगार स्वतः जातो. त्याला घरून एक गोष्ट पक्की शिकवून पाठवावी: समेटाच्या बैठकीत ‘विचार करतो’ म्हणायचं, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि प्रत्येक बैठकीच्या नोंदीखाली आपलं म्हणणं स्वतःच्या हातानं लिहायचं. कंपनीचा प्रतिनिधी तिथे तोंडी बरंच काही कबूल करतो. त्यातलं नोंदीत काहीच उतरत नाही.

कोर्टात वकील देण्याबाबत १९४७ च्या कायद्यात कलम ३६(४) होतं: समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी. दर पाच-सहा महिन्यांनी एखादा तरुण वकील कंपनीच्या वकिलाला हरकत घ्यायची म्हणतो. घेता येते, पण मग आपणही उभं राहू शकत नाही. शिवाय मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी म्हणून तोच वकील परत येऊ शकतो, कारण पारादीप पोर्ट ट्रस्टच्या १९७६ च्या निकालानं ती वाट मोकळी ठेवली आहे.

बडतर्फीच्या बहुतेक दाव्यांचा जीव खात्यांतर्गत चौकशीत असतो, म्हणून इथे थोडं थांबतो. कंपनीनं चौकशी करून काढलं असेल तर कोर्ट आधी दोनच मुद्दे घेतं: चौकशी योग्य आणि न्याय्य होती का, आणि चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष पुराव्याशी विसंगत आहेत का. याला बोलीत ‘पार्ट वन’ म्हणतात. चौकशीची सगळी कागदपत्रं मागवून घ्यायची आणि एका बैठकीत वाचायची नाहीत. दोनदा वाचायची, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. पहिल्या वाचनात आरोप काय ते कळतं, दुसऱ्यात चूक सापडते.

चुका ठरावीक असतात. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा नसते; ‘तुम्ही वारंवार बेशिस्त वर्तन केलेत’ असं मोघम असतं. कंपनीच्या साक्षीदारांची यादी आणि कागद साक्षीच्या दिवशीच हातात पडतात. कामगाराला फक्त मराठी येतं आणि कामकाज इंग्रजीत टंकलेलं असतं. चौकशी अधिकारीच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारत बसतो, म्हणजे तोच वकील आणि तोच न्यायाधीश. आणि सगळ्यांत बोलकी चूक: निष्कर्ष आणि बडतर्फीचा आदेश एकाच तारखेचे. चाळीस पानी अहवाल आला, वाचला, कामगाराचं म्हणणं मागवलं, मागचं रेकॉर्ड तपासलं आणि शिक्षा ठरली, हे सगळं एका दिवसात? निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता दिला होता का, हेही पाहायचं. स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या नियमांच्या, केंद्रीय कायद्यात पहिल्या ९० दिवसांसाठी पगाराच्या ५० टक्के, त्यापुढे उशीर कामगारामुळे झाला नसेल तर ७५ टक्के असा हिशेब होता. भत्ता न मिळाल्यामुळे चौकशीला येता आलं नाही, हे त्याच वेळी लेखी कळवलेलं असेल तर मोठा आधार मिळतो. कळवलेलं नसेल तर कोर्टात तो मुद्दा पांगळा पडतो.

कामगाराच्या बाजूनंही ठरावीक चुका होतात. आरोपपत्र घ्यायला नकार देणं ही सगळ्यांत महागडी. कंपनी दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारते, मग रजिस्टर्ड पोस्ट परत येतं, मग फलकावर लावतात, आणि चौकशी एकतर्फी होते. घ्यावं, ‘हरकतीसह स्वीकारलं’ असं सहीखाली लिहावं. चौकशीत दर पानावर सही मागतात तेव्हा, जे म्हटलं ते लिहिलेलं नसेल तर सहीच्या वर एक ओळ लिहावी: ‘माझे म्हणणे पूर्ण नोंदवले नाही.’ एवढी एक ओळ पुढे उलटतपासात अर्धा दिवस पुरते.

चौकशी सदोष ठरली म्हणजे दावा जिंकला, अशी समजूत कामगाराची असते. पण कंपनीला कोर्टात नव्यानं पुरावा देऊन आरोप सिद्ध करायची संधी मिळू शकते. मात्र ती संधी राखून ठेवल्याचं तिनं लेखी म्हणण्यातच लिहिलेलं हवं, असा लक्ष्मीदेवम्मा खटल्याचा २००१ चा निकाल आहे. म्हणून कंपनीचं म्हणणं दाखल झालं की शेवटच्या दोन परिच्छेदांत हे वाक्य आहे का ते बघायचं. नसेल तर त्यावर खूण करून गप्प बसायचं. आपल्या अर्जात त्याचा उल्लेख करून समोरच्याला दुरुस्ती सुचवण्याचा भाबडेपणा नको.

आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते: बडतर्फीच्या वेळी कंपनीत कुठला वाद समेटात किंवा कोर्टात चालू होता का? उदाहरणार्थ संघटनेच्या मागण्यांची सनद. असेल आणि हा कामगार त्या वादाशी संबंधित असेल, तर १९४७ च्या कायद्यातल्या कलम ३३(२)(ब) प्रमाणे एक महिन्याचा पगार देऊन त्याच प्राधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी न घेतलेली बडतर्फी टिकत नाही, हे २००२ साली घटनापीठानं स्पष्ट केलं. हा मुद्दा सापडला तर बाकी सगळं दुय्यम.

चौकशी न करता, ‘कामाची गरज नाही’ म्हणून काढलं असेल तर हिशेब २४० दिवसांचा: बारा महिन्यांत एवढे दिवस भरले तरच छाटणीच्या नियमांचं संरक्षण मिळतं. काढल्याच्या तारखेपासून मागे बारा महिने मोजायचे, कॅलेंडर वर्ष किंवा आर्थिक वर्ष नाही. प्रत्यक्ष हजेरीत पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सण धरायचे, हे अमेरिकन एक्स्प्रेसच्या १९८५ च्या निकालापासून पक्कं आहे. म्हणजे १९८ दिवस हजेरी, ३६ पगारी रविवार आणि ६ पगारी सण असतील तर २४० भरले. कंपनीचा तक्ता १९८ वर थांबतो, कारण त्यात सुट्ट्या नसतात. आम्ही महिन्यागणिक चार रकान्यांचा तक्ता करून दाव्यालाच जोडतो. साक्षीच्या वेळी तोंडी आकडे सांगायला लावले की कामगार अडखळतो.

२४० दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे. नुसतं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असं २००२ चा हदीमनी निकाल सांगतो. म्हणून लगेच कंपनीकडून हजेरीपट, पगारपत्रक आणि ईएसआयसीची विवरणपत्रं हजर करण्याचा अर्ज द्यायचा, आणि महिने-वर्षं नेमकी लिहायची. ‘सर्व रेकॉर्ड’ मागणारा अर्ज ‘मोघम’ म्हणून फेटाळला जातो. नेमका अर्ज मंजूर होऊनही कागद आले नाहीत तर प्रतिकूल अनुमानाचा युक्तिवाद करता येतो. कामगारानं साक्ष दिलेली मात्र हवी.

२४० भरले आणि १९४७ च्या कायद्यातलं कलम २५फ पाळलं नसेल तर छाटणी बेकायदा. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार. हे काढतानाच द्यायचं असतं, नंतर चेक पाठवून दोष धुतला जात नाही. हिशेबात एक बारकावा आहे. पगार महिना १५,६०० रुपये, नोकरी ७ वर्षं ८ महिने, म्हणजे सहा महिन्यांवरचा भाग धरून ८ वर्षं. छाटणीची भरपाई काढताना महिना ३० दिवसांचा धरतात: १५ दिवसांचे ७,८०० गुणिले ८, म्हणजे ६२,४००, अधिक नोटिशीचे १५,६००, एकूण ७८,०००. ग्रॅच्युइटीला मात्र भागाकार २६ नं: १५,६०० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे ९,०००, आणि आठ वर्षांचे ७२,०००, हे सगळं मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर. दोन्ही रकमा वेगळ्या आहेत आणि दोन्ही देय आहेत. कंपनीची लेखाशाखा दोन्ही मिळून एकच आकडा देते तेव्हा कुठली तरी एक गिळलेली असते.

इथे कामगाराला एक कडू गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगून टाकावी लागते. रोजंदारी किंवा तात्पुरत्या माणसाच्या बाबतीत २५फ मोडलं म्हणून आपोआप कामावर परत घेण्याचा आदेश मिळेलच असं आता नाही. जगबीर सिंग (२००९) आणि भुरुमल (२०१४) या निकालांनंतर कोर्ट अनेकदा एकरकमी भरपाई देतं. काढल्यानंतर त्याच कामावर नवी माणसं घेतली किंवा मागून आलेल्याला ठेवून याला काढलं, हे दाखवता आलं तर परत कामावर घेण्याचा मुद्दा बळकट होतो. त्यासाठी गेटवर नव्या माणसांची नावं विचारून ठेवणारा मित्र लागतो.

साक्षीला बसवण्याआधी कामगाराची एकदा नीट तयारी करून घ्यावी. पढवायचं नाही, कागद दाखवायचे. आपल्या कोर्टात साक्ष मराठीत लिहितात आणि उलटतपासाचं उत्तर ‘हे म्हणणे खरे नाही की’ किंवा ‘हे खरे आहे की’ अशा साच्यात उतरतं. प्रश्न लांबलचक, दोन-तीन गोष्टी एकत्र गुंफलेला असतो: ‘तुम्ही त्या दिवशी रात्रपाळीला होतात, मशीन बंद होतं आणि तुम्ही जागेवर नव्हता, हे खरं ना?’ रात्रपाळीला होता म्हणून कामगार ‘हो’ म्हणतो आणि तीनही गोष्टी कबूल होतात. ‘साहेब, एक-एक विचारा’ एवढं म्हणायला शिकवलं तरी पुष्कळ.

कंपनीच्या एचआर मॅनेजरचा उलटतपास लहान ठेवावा. त्याला चौकशीच्या गुणवत्तेबद्दल विचारू नये, तो भाषण करतो. कागदावरून जावं. निशाणी (कोर्टानं कागदाला दिलेला क्रमांक) अमुकवरची सही कुणाची? ती करताना तुम्ही हजर होतात का? चौकशी अधिकाऱ्याला फी कंपनीनंच दिली का? यापूर्वी त्यांनी तुमच्या किती चौकश्या केल्या? त्यातल्या एकीत तरी कामगार निर्दोष सुटला का? शेवटच्या प्रश्नाला वकील हरकत घेतो. घेऊ द्यावी, हरकतही रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, येते. तारीख संपली की साक्षीची नक्कल त्याच आठवड्यात मागवायची. टंकलेखनातली चूक वर्षभरानं दुरुस्त होत नाही.

बेकारीच्या मुद्द्यावर बरेच दावे पैशात मार खातात. २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालानंतर बडतर्फी चुकीची ठरली तर पूर्ण मागील पगार हा साधारण नियम आहे. त्यासाठी आपण बेकार आहोत किंवा फार कमी कमावतो, असं कामगारानं म्हणावं लागतं. नंतर तो कुठेतरी कमावत होता हे सिद्ध करणं कंपनीवर येतं. कामगार वकिलाला विचारतो, ‘काहीच करत नाही असं लिहू ना?’ लिहू नये, खोटं असेल तर. यूएएन एकच असतो, दुसऱ्या कंपनीत तीन महिने जरी लागला तरी नोंद राहते. रिक्षाचं परमिट निघतं. दुकानाचा फलक फोटोत येतो. मग मागील पगार तर जातोच, बाकीच्या साक्षीवरही कोर्टाचा विश्वास उडतो. ‘मधूनमधून हमालीचं काम मिळालं, महिन्याला सुमारे अमुक’ असं लिहिलं तर फार तर तेवढी रक्कम वजा होते. कुठे कुठे नोकरी मागितली त्याच्या अर्जांच्या प्रती आणि पोस्टाच्या पावत्या जमवून ठेवाव्यात.

संघटनेचं वकीलपत्र वेगळ्या जातीचं काम आहे. तिथे कोर्टापेक्षा करारांचे मसुदे जास्त. करार लिहिताना वाढ ‘मूळ पगारात’ की ‘एकूण पगारात’, कोणत्या तारखेपासून, थकबाकी किती हप्त्यांत, तात्पुरत्यांना लागू की नाही, हे शब्द सैल राहिले की पुढची तीन वर्षं परिशिष्ट ४ च्या कलम ९ खाली, म्हणजे कराराची अंमलबजावणी केली नाही म्हणून औद्योगिक न्यायालयात खेटे. मान्यता हवी असेल तर १९७१ च्या कायद्यात किमान ५० कामगार असलेला उपक्रम आणि आधीचे सहा महिने किमान ३० टक्के सभासदत्व लागतं. ते सिद्ध होतं वर्गणीच्या पावतीपुस्तकांवरून. पावतीपुस्तक एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत भरलेलं दिसलं की समोरचा वकील ते उंच धरून कोर्टाला दाखवतो. संपाची नोटीस १४ दिवसांची असते आणि तिचा नमुना ठरलेला आहे. गेटवरच्या सभेत ‘उद्यापासून बंद’ म्हणून टाळ्या मिळतात खऱ्या, पण नोटीस न देता एकत्रितपणे काम बंद केलं तर गैरहजेरीच्या पगाराशिवाय आठ दिवसांपर्यंतचा पगारही कापला जाऊ शकतो.

या प्रॅक्टिसमध्ये यायचं असेल तर पहिली काही वर्षं पैशाची अपेक्षा बेताची ठेवावी. बडतर्फ माणसाकडे फी नसते, संघटना ठरावीक रक्कम देते आणि तीही वर्गणी गोळा झाल्यावर. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कामगार स्वतःहून देऊ करतो तेव्हाही नाही. टंकलेखन, नकला आणि प्रवासाचा खर्च त्या-त्या वेळी पावती देऊन घ्यावा, फी हप्त्यांत. एकाच औद्योगिक पट्ट्यातल्या दोन-तीन संघटना धरून ठेवल्या की कामाला तोटा राहत नाही. कंपन्यांची कामं घ्यायची की नाही हे मात्र सुरुवातीलाच ठरवावं. आज कामगाराचा आणि उद्या मालकाचा वकील हे कायद्यात चालतं, गेटवर चालत नाही.

निवाडा बाजूनं लागला की कामगार पेढे घेऊन येतो. त्याच दिवशी त्याला कामावर हजर होण्याचं पत्र तयार करून द्यायचं. दोन साक्षीदार घेऊन सकाळच्या पाळीला गेटवर जायचं, पत्र द्यायचं, पोच मागायची. सुरक्षारक्षक आत सोडत नाही, हे गृहीत धरावं. मग तेच पत्र, ‘अमुक वाजता हजर झालो, प्रवेश नाकारला’ ही ओळ वाढवून, त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टानं. पुढच्या पगाराची मोजणी या तारखेपासून भांडता येते.

कंपनी उच्च न्यायालयात जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या कामगारांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच असल्यानं मुंबईची फेरी वाचली आहे. कामावर परत घेण्याच्या निवाड्याला कंपनीनं आव्हान दिलं तर पहिल्याच तारखेला १९४७ च्या कायद्यातल्या कलम १७ब चं प्रतिज्ञापत्र लावायचं: मी या काळात कुठेही नोकरीत नाही. त्यावर याचिका चालू असेपर्यंत शेवटच्या पगाराइतकी रक्कम दरमहा मिळते. मोठी नसते, पण दहा वर्षांपूर्वीच्या दरानं का होईना, घरात येते. आणि कंपनीला दर महिन्याला बिनकामाचा चेक काढावा लागला की तडजोडीचं बोलणं सुरू होतं.

तडजोड करताना ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी एकरकमी आकड्याच्या बाहेर ठेवावेत, पुरसिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) तसं स्पष्ट लिहावं. डिमांड ड्राफ्ट कोर्टासमोर घ्यावा; चेक असेल तर तो वटल्याशिवाय दावा मागे घेतल्याच्या पुरसिसवर सही नको.

पैसे न देणारी कंपनी असेल तर १९४७ च्या कायद्याखालच्या निवाड्यासाठी वसुलीचा दाखला मिळवावा लागतो. रक्कम ठरलेली असेल तर कलम ३३क(१), मोजायची असेल तर ३३क(२). दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, तिथून तहसीलदाराकडे, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, म्हणजे व्हायला हवी. कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली तर वसुली थांबते. तिथे जाहीर नोटीस निघाल्याबरोबर कामगारानं फॉर्म डी मध्ये, किंवा सगळ्यांच्या वतीनं अधिकृत प्रतिनिधीनं फॉर्म ई मध्ये दावा दाखल करायचा. त्याची नोटीस वर्तमानपत्रात येते, घरी येत नाही. तहसील कार्यालयातली फाईल मात्र मालमत्तेचा तपशील नसेल तर हलत नाही, आणि हा तपशील वकिलाला कुठे मिळणार? तिथे पुन्हा कामगारालाच बसवायचं: कुठलं मशीन कुठल्या शेडमध्ये, कुठलं भाड्याचं, कुठलं कंपनीचं, तयार माल कुठल्या गोदामात, गाड्यांचे नंबर काय. तो बोटं मोजत सांगत जातो आणि आपण लिहून घ्यायचं.